देवक बसेपर्यंत आबा

आमच्या घरच्या लग्नात कोणी ना कोणी रुसतंच. यंदा मात्र रुसायच्या आधी जो तो एकच विचारायचा, "आबा कसं हाईत?" मला वाटायचं, केवढी ही माया! मग आत्तीनं पुढचं विचारलं, "न्हाई, साड्या फॉल-पिकोला टाकू का थांबू?"

आबा म्हणजे नवरीचे आजोबा. सांगलीचा आयर्विन पूल १९२९चा, आबा त्याच्याहून तीनच वर्षांनी धाकटे. गणपतीपुढं पहिली पत्रिका ठेवून आलो आणि त्याच रात्री त्यांना मिरजेला हलवलं. डॉ. वॉनलेसांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्या भागात कुणाला 'मिरजेला नेलं' म्हटलं की ऐकणारा आधी चप्पल काढून खाली बसतो.

सुतक दहा दिवसांचं, लग्न आठवड्यावर, आणि कार्यालयाची पुढची मोकळी तारीख थेट दिवाळीनंतर. तात्या, म्हणजे नवरीचे वडील, दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून बापासाठी रडत होते आणि मधेच फोनवर "ॲडव्हान्स परत मिळतोय का ओ?" असंही विचारत होते. दोन्ही अगदी मनापासून.

मार्ग काढला भटजींनी. "नांदीश्राद्ध होऊन देवक बसलं की सुतक आडवं येत नाही. आणि विवाहात ते दहा दिवस आधीपर्यंत करता येतं."

तात्यांनी डोळे पुसले. "मग उद्याच बसवा."

"उद्या माझं फेशियल हाय," काकी म्हणाल्या.

"फेशियल मोठं का बाप मोठा?"

"बाप तुमचा हाय. तोंड माझं हाय."

डॉक्टरांनी सांगितलं, चोवीस तास काही सांगता येत नाही. तात्या हात जोडून म्हणाले, "एवढं नको साहेब, साडेदहापर्यंतचं सांगा." रात्रभर आळीपाळीनं पहारा. आबांच्या छातीकडं इतकं टक लावून त्यांच्या आयुष्यात कुणी बघितलं नसेल. सकाळी मारुतीच्या देवळातून वाजतगाजत देवक आलं, पंचपल्लव लागले. काकी अर्ध्या फेशियलवर पाटावर बसल्या. भटजींनी शेवटची अक्षता टाकायला आणि तात्यांनी खिशातला फोन काढून "बसलं रं!" असं ओरडायला एकच गाठ पडली.

आता आबा मोकळे होते. त्यांना कुणी धरून ठेवत नव्हतं. आणि माणूस किती हट्टी असावा! त्याच दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि भडंग मागितलं.

लग्नाच्या दिवशी डिस्चार्ज घेऊन आबा गाडीतून थेट कार्यालयाच्या दारात उतरले. दारात चुलतभाऊ पप्यानं लावलेला भलाथोरला फ्लेक्स. पप्यानं फ्लेक्सवाल्याकडं दोन फ्लेक्स एकदमच टाकले होते, दोनावर सूट होती म्हणून. एक 'शुभविवाह'. दुसरा गुंडाळूनच ठेवायचा होता. पण लावणाऱ्या पोराला वाचायची सवय नव्हती.

'भावपूर्ण श्रद्धांजली.' आबांचा फेट्यातला फोटो, दोन्हीकडं समया, खाली शोकाकुल मंडळींची नावं. सनई आपली चालूच.

सगळ्यांचे हातपाय गार पडले. आबांनी चष्मा लावला आणि निवांत वाचलं.

"फोटो झ्याक हाय. तारखेची जागा मोकळी सोडलीया, पोरगं हुशार हाय."

तेवढ्यात मागून थोरले जावई पुढं आले. पत्रिकेत नाव खाली टाकलं म्हणून ते आधीच फुगलेले. त्यांनी शोकाकुलांची यादी वरून खाली, मग खालून वर वाचली.

"हितं तर माझं नावच न्हाई."

पुढं अक्षता पडल्या, बुंदी संपली, पोरगी नांदायला गेली. पण जावई काही पंगतीला बसेनात. शेवटी पप्यानं दुरुस्त करून नवा फ्लेक्स छापायचं कबूल केलं, नाव सगळ्यात वर. आबांनी लगेच अडवलं. नवा कशाला? हाच घरी न्या, पावसाळ्यात वैरणीवर टाकायला हुईल; जावयाचं नाव खडूनं लिवा.