बागेत सध्या काय चालू आहे?

डिसेंबर संपत आला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "दोन दिवस नाशिकला जायचं म्हणतोय, कुठल्या कुठल्या वाइनरी करू?" माझे सासर नाशिकचे आणि सासूबाईंचे माहेर निफाड तालुक्यातले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्यातल्या 'करू' या शब्दाची मला गंमत वाटते. अष्टविनायक करावेत तशा लोकांना वाइनरी करायच्या असतात; दोन दिवसांत सहा झाल्या की यात्रा सफळ. गेली काही वर्षे मी फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगत आले आहे, ते या वेळी एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. हे माझे मत आहे आणि ते सर्वांना पटावे असा आग्रह नाही.

वाइनरी निवडण्याआधी महिना निवडावा. ही गोष्ट लोक सर्वांत शेवटी, किंबहुना सुट्टी मंजूर झाल्यावर पाहतात. आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. पीक निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, त्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, गोड्या बहाराची छाटणी होते, तिच्यावर घड धरतात. युरोपात थंडीत वेल झोपी जाते आणि छाटणी एकदाच होते. आपल्या उष्ण हवेत वेल झोपत नाही, म्हणून हा दुहेरी खटाटोप. याचा पर्यटकाच्या दृष्टीने अर्थ असा, की जुलै-ऑगस्टमध्ये जो जाईल त्याला हिरवेगार डोंगर, काठोकाठ भरलेले गंगापूर धरण आणि उत्तम हवा मिळेल, पण वेलीवर एक मणीही दिसणार नाही. ज्याला घड लगडलेली बाग, तोडणी, क्रेट भरलेले ट्रॅक्टर आणि वाइनरीत चाललेली खरी धावपळ पाहायची आहे, त्याने साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जावे. आधी सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँसारख्या पांढऱ्या वाइनची द्राक्षे तोडली जातात. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों या लाल वाइनच्या जाती मागाहून येतात.

आणि कॅलेंडर पाहताना २६ जानेवारी ड्राय डे असतो हे लक्षात ठेवावे. हंगामातली सर्वांत सोयीची जोडून सुट्टी नेमकी तीच, आणि दर वर्षी कोणी ना कोणी त्या दिवशी टेस्टिंग रूमच्या दारातून परत येते. पहिल्या खेपेला आम्हीही आलो होतो. टाक्या पाहिल्या, पिंपे पाहिली, आणि शेवटी लिंबू सरबत प्यालो.

महिन्यानंतर दिशा. नाशिकच्या वाइनरी एका ओळीत मांडलेल्या नाहीत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकींपासून जवळ आहेत; इगतपुरीच्या बाजूला संजेगाव परिसरात ग्रोव्हर झाम्पा आणि मुकणे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलेली छोटी वलोने आहे; उत्तरेला दिंडोरीकडे शँडॉनची स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळणारी वाइन तयार होते; आणि पूर्वेला निफाड ओलांडून विंचूरला सरकारने वसवलेले वाइन पार्क आहे. नकाशावर ही सगळी नावे दोन बोटांत मावतात, म्हणून लोक सकाळी दिंडोरी, दुपारी संजेगाव आणि सूर्यास्ताला गंगापूर असा बेत आखतात आणि निम्मा दिवस शहराच्या वाहतुकीत काढतात. माझा नियम साधा आहे: एका दिवशी एकच दिशा आणि दोनच वाइनरी, एक मोठी आणि एक लहान. मुंबईहून येणाऱ्यांनी तर इगतपुरीची बाजू येता-जाता वाटेतच उरकावी. त्यासाठी वेगळा दिवस घालवण्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे त्या दोन वाइनरी कोणत्या. वेबसाइटवरच्या छायाचित्रांवरून काहीच कळत नाही, कारण सूर्यास्त सगळीकडे सारखाच सुंदर असतो. तारांकित अभिप्रायांवरून पिझ्झा कुठे चांगला मिळतो एवढे कळते. मी फोन करते आणि एकच प्रश्न विचारते: "बागेत सध्या काय चालू आहे?" पलीकडचा माणूस "मॅडम, अमुक रुपयांच्या पॅकेजमध्ये पाच वाइन आणि चीज प्लेट" असे सांगू लागला, तर ते उपाहारगृह आहे असे समजावे, तिथे जेवायला जरूर जावे, पण वाइनरी पाहायला नव्हे. "शेनिनची तोडणी कालच संपली, शिराझला अजून आठ-दहा दिवस लागतील, मण्यांत साखर भरायची आहे" असे उत्तर आले, की डोळे मिटून बुकिंग करावे. आतापर्यंत या प्रश्नाने मला एकदाही फसवलेले नाही. एका लहान वाइनरीत तर फोन उचलणाऱ्या मुलाने "थांबा हं, बघून सांगतो" म्हणून खरोखरच बाहेर जाऊन पाहिले.

त्याच वाइनरीत मागच्या फेब्रुवारीत सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्या वाइन घेत नाहीत आणि आम्ही घेतो याबद्दल त्यांचे मत त्या स्वतःकडेच ठेवतात. पण बागेत शिरल्यावर पुढे आम्ही नव्हतो, त्या होत्या. त्यांनी वाकून घड तळहातावर तोलला, एक मणी तोडून तोंडात टाकला आणि बिया हातावर काढून मला दाखवल्या. "अगं, एवढ्याशा मण्यात दोन-दोन बिया! आणि साल बघ केवढी जाड. हे बाजारात कोण घेणार?" मग फोन उचलणाऱ्या त्या पोराने जे सांगितले ते मी आजवर घेतलेल्या कुठल्याही टूरमध्ये इतके सोपे करून सांगितलेले ऐकले नव्हते. खायच्या द्राक्षाला पातळ साल, मोठा मणी आणि बी नको असते. वाइनला नेमके उलटे हवे असते, कारण लाल वाइनचा रंग आणि तोंड आवळणारा तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. गर बहुतेक काळ्या द्राक्षांचाही पांढराच असतो. म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढरीचा रस आधी दाबून वेगळा करतात. सासूबाईंनी खायच्या, बिनबियांच्या थॉमसन जातीबद्दल विचारले, "मग थॉमसनची का नाही करत?" पोरगा हसला आणि म्हणाला, "करता येते आजी, पण मग तिच्यात सांगण्यासारखे काही उरत नाही." त्यानंतर पाऊण तास दोघे डाऊनी, भुरी हे द्राक्षांवरचे रोग आणि अवकाळी पाऊस यांबद्दल बोलत होते आणि आम्ही मागून चालत होतो. त्या दिवशीची वाइन मला आता नीट आठवतही नाही.

याच्या नेमका उलट अनुभव एका बऱ्याच गाजलेल्या ठिकाणी, एका रविवारी दुपारी आला. नाव लिहीत नाही, कारण दोष त्या दिवसाचाही असू शकतो. पाऊण तास रांग, मग पस्तीस-चाळीस जणांचा घोळका, मग पाठ केलेले भाषण इतक्या वेगाने, की मागच्यांना 'फर्मेंटेशन' एवढा एकच शब्द कळावा. बाग काचेतूनच दाखवली. टेस्टिंगला पाच वाइन बारा मिनिटांत ओतल्या. माझ्या पेल्यात तिसरी असताना शेजारच्या पेल्यात पाचवी होती. बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारले, "आवडली का?" मी विचारले, "कुठली?"

तरीही मोठ्या वाइनरी टाळाव्यात असे मी म्हणणार नाही. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला सुरू केली आणि पुढे २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली. त्याआधी नाशिकला 'वाइनसाठी जाणे' ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. लोक त्र्यंबकेश्वरला, काळारामाला आणि रामकुंडावर जात. आज लहान वाइनरींना जो पाहुणा मिळतो, तो बहुधा आधी तिथे येऊन गेलेला असतो. फक्त तिथे शनिवार-रविवार टाळून मंगळवारी-बुधवारी, दिवसाच्या पहिल्या टूरला जावे. तोच माणूस, तीच टाकी, पण प्रश्न विचारायला जागा असते. द्राक्षे पायाने तुडवण्याच्या कार्यक्रमाबद्दल मला अनेक जण विचारतात. मुलांना मजा येते, छायाचित्रे चांगली येतात, आणि त्या लगद्याची वाइन होत असेल अशी समजूत कोणी करून घेऊ नये. पण माझ्या मते तेवढ्याच वेळात बागेतून चालत फिरता आले, तर ते निवडावे.

चाखण्याबद्दल थोडे. एकेका वाइनचा घोट साधारण तीस मिलिलिटरचा असतो, तो नगण्य वाटतो; पण दोन वाइनरींत मिळून दहा वाइन झाल्या की तो हिशेब दोन मोठ्या पेल्यांपर्यंत जातो. तिथे थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि ते वापरणे असभ्य नाही, परंतु आपल्याकडे ते पाहून लोक संकोचाने नजर फिरवतात. मी पहिल्यांदा थुंकले तेव्हा सासरच्या एका नातेवाइकाने "आवडली नाही का?" असे काळजीने विचारले होते. गाडी चालवणाऱ्याने मात्र थुंकूनही चालवू नये. कायद्याची मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे. म्हणून दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे हा चैनीचा नव्हे, बेताचाच भाग समजावा. आणि सकाळी मिसळ खाऊन थेट टेस्टिंगला जाऊ नये. नाशिकची मिसळ सोडा असे सांगण्याचे पाप मी करणार नाही, पण तर्रीने जीभ भाजल्यावर सोव्हिन्यों ब्लाँ आणि नळाचे पाणी यांत फारसा फरक कळत नाही. मिसळ दुसऱ्या दिवशी, परतीच्या वाटेवर खावी.

लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यावी असे सगळीकडे छापलेले असते, ते थंड देशांतल्या खोल्यांसाठी. नाशिकमध्ये मार्चअखेरीस ती खोली पस्तिशीच्या घरात असते. लाल वाइन कोमट वाटली, तर थोडी गार करून मागायला अजिबात लाजू नये. जिथे ती विनंती हसत मान्य होते ती वाइनरी चांगली.

सोबत वाइन न घेणारी माणसे असतील, आणि मराठी कुटुंबात ती असतातच, तर त्यांना टेस्टिंग रूमच्या कोपऱ्यात फ्रेंच फ्राइजसमोर बसवून ठेवू नये. अशा वेळी मी पूर्वेची बाजू निवडते. पहाटे निघून गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर गाठावे. हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा; हिवाळ्यात स्थलांतरित बदकांनी पाणी भरलेले असते आणि पक्ष्यांचा हंगाम द्राक्षांच्या हंगामाशी बऱ्यापैकी जुळतो. तिथून विंचूरच्या बाजूला एखादी वाइनरी आधी फोन करून ठरवावी आणि पुढे येवल्याला जाऊन मागावरची पैठणी पाहावी. पक्ष्यांपुढे मुले गप्प, मागापुढे सासूबाई गप्प, आणि आम्हाला एक वाइनरी निवांत मिळते.

'आधी फोन करून' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. २००१ च्या राज्य सरकारच्या धोरणानंतर नाशिक भागात वाइनरी भराभर उभ्या राहिल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस मंदी आली तेव्हा त्यांतल्या कितीतरी बंद पडल्या. शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या बागा तोडून पुन्हा खायची द्राक्षे लावली. काही नावे इंटरनेटच्या नकाशावर अजून जिवंत आहेत. आम्ही एकदा अशाच एका फाटकापाशी पोहोचलो. आत गवत वाढलेले होते आणि राखणदाराने अतिशय अगत्याने पाणी दिले. पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना जुन्या लोकांना नारायणगावची शातो इंडाज आठवते. ऐंशीच्या दशकात तिथली स्पार्कलिंग वाइन परदेशातही गेली होती, आणि तीही कंपनी पुढे टिकली नाही.

सासूबाईंनी त्या दिवशी निघताना त्या पोराला शेवटचा प्रश्न विचारला होता, "बाळा, शेतकऱ्याला किलोला काय देता?" तो क्षणभर थांबला, मग कराराची पद्धत, जातीप्रमाणे दर आणि साखर कमी भरली तर काय होते, हे त्याने त्यांना नीट सांगितले. आकडा मी इथे लिहीत नाही, तो त्यांच्या दोघांतला. परत येताना गाडीत त्यांनी हिशेब मांडला, की एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे धरली तर त्यातले निफाडकडच्या त्यांच्या भावासारख्या शेतकऱ्यांच्या हाती किती पडेल, आणि थॉमसनला परवडते की हे. इगतपुरीपर्यंत हिशेब चालला होता. या फेब्रुवारीत अकलूजला फ्रतेल्ली या वाइन कंपनीच्या बागा पाहायला जाण्याचे घाटत आहे, आणि बुकिंगचा फोन या वेळी मी करणार आहे की त्या, एवढेच अजून ठरायचे आहे.