नुआर म्हणजे नुसता अंधार नव्हे
फिल्म नुआरवरचा, म्हणजे १९४०-५० च्या दशकांतल्या हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांवरचा लेख आवडला, पण नुआर म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, पाऊस आणि हॅटवाला डिटेक्टिव्ह एवढंच त्यात आलंय, ते काही पटलं नाही. १९४४ चा दिग्दर्शक बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' बघा, त्यात हिरो साधा इन्शुरन्स एजंट आहे आणि सुरुवातीलाच जखमी अवस्थेत रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर (आवाज रेकॉर्ड करायच्या यंत्रावर) सांगून टाकतो की खून मीच केला, पैसा पण नाही मिळाला आणि बाई पण नाही. म्हणजे कोणी केलं हा प्रश्नच संपला, आता फक्त तो कसा अडकत गेला ते बघत बसायचं, आणि तरी जीव टांगणीला लागतो! खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यातून येणाऱ्या उन्हाच्या सावल्या त्याच्या अंगावर पडतात ना, अगदी तुरुंगाच्या गजांसारख्या, आणि तेही भर दिवसा. कॅमेरामन जॉन साइट्झने तर घरातली धूळ उन्हात दिसावी म्हणून हवेत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण उडवले होते. त्या घराचा कुबट वास येतो हो बघताना! वाइल्डर १९३३ मध्ये हिटलर आल्यावर बर्लिन सोडून निघालेला, तिथल्या जर्मन सिनेमातून नुआरमध्ये आलेल्या सावल्यांबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.