खारं पाणी गोठत नाही म्हणे!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला. आठवडाभरात तोच भाच्याकडूनही आला. मजकूर असा: समुद्राचं पाणी खारट, ते गोठत नाही, थंड समुद्रात जहाजांवर साचतो तो आभाळातून पडलेला बर्फ, किती साचणार ते तापमानावरून कुणालाही कळतं, त्याचे वेगळे अंदाज म्हणजे पैशांची उधळपट्टी.

खारं पाणी गोठतं की! फक्त शून्यावर नाही, उणे १.८ अंशांच्या आसपास. पॉट आइस्क्रीमवाला बर्फात खडेमीठ घालतो ते याच फरकाच्या जोरावर.

आभाळातल्या बर्फाचं म्हणाल, तर तो भुसभुशीत, झाडूनेही निघतो. घात करतात ते लाटांचे तुषार. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेवर आपटली की पाणी उडतं, वारा ते मागे फेकतो आणि कठड्यांवर, दोरांवर, डोलकाठीवर ते घट्ट थिजतं. ५०० चौरस मीटरवर दोन सेंटिमीटर थर म्हणजे साधारण नऊ टन, तेही बरंचसं उंचावर. २६ जानेवारी १९५५ रोजी आइसलँडच्या उत्तरेला 'लोरेला' आणि 'रॉडेरिगो' ही ब्रिटिश मासेमारी जहाजं याच भाराने कलंडली. चाळीस माणसं गेली.

आता तापमान. खरी गोम इथे आहे. डिसेंबरात पहाटे गच्चीवर उभं राहा आणि त्याच पहाटे स्कूटरवरून म्हात्रे पूल ओलांडा. पारा तोच, बोटं कधी बधिर होतात? जहाजावर तर वारा उष्णताही पळवतो आणि तुषारही आणून देतो. अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ जेम्स ओव्हरलँड यांचं जहाजावर बर्फ किती साचेल ते सांगणारं सूत्र म्हणून तीन गोष्टी मागतं: वारा, हवा, पाणी. हवा उणे १०, पाणी २ अंश, वारा सेकंदाला २० मीटर धरला, तर निर्देशांक येतो ७७ च्या आसपास. हा 'जड' गट, तासाला दोन सेंटिमीटरहून जास्त. पाणी ८ अंश केलं की ४२, 'मध्यम'. पाणी २ च ठेवून वारा ५ वर आणला की १९, 'हलका'. तिन्ही वेळा हवा उणे १०.

हे सूत्र बेतलंय २० ते ७५ मीटर लांबीच्या जहाजांवर. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मला ते जसंच्या तसं लावता येत नाही. रोवलेला प्लॅटफॉर्म लाटेवर डोलत नाही, त्यामुळे तुषार मुख्यतः खालच्या खांबांवर बसतात. वरच्या भागात धुकं आणि हिमवर्षाव यांचा हिशोब वेगळा.

राहिली उधळपट्टी. अंदाज चुकतात, हे मान्य. ३१ डिसेंबर २०१९ रोजी अलास्काजवळ 'स्कँडीज रोझ' ही मासेमारी बोट उलटली, सातपैकी पाच जण गेले. चौकशीत निघालं की परिस्थिती अंदाजापेक्षा बिकट होती आणि बर्फ एका अंगाला जास्त चढला होता. पण जहाजाच्या स्थैर्याच्या सूचनाही मुळात चुकीच्या होत्या. काका, यावरून अंदाज बंद करायचे की सुधारायचे? इशारा वेळेत आला तर कप्तान वेग कमी करतो, वारा पाठीवर घेतो, आडोशाला जातो. नाहीतर खलाशी धुण्याच्या मोगरीसारखे लाकडी हातोडे घेऊन, हलत्या निसरड्या डेकवर बर्फ फोडत बसतात.