सॉलिसिटरविना ‘फॉर्म ई’ : स्वावलंबी पतिराजांसाठी मार्गदर्शन

इंग्लंडमध्ये घटस्फोट घेताना सॉलिसिटरला तासाच्या हिशेबाने पैसे मोजणे आपल्यासारख्या व्यवहारचतुर माणसाला शोभत नाही. तेव्हा आर्थिक माहितीचा ‘फॉर्म ई’ आपण स्वतःच भरावा, आणि तोही न्यायालयातील पहिल्या तारखेच्या आदल्या रात्री. न्यायालयाच्या नियमानुसार तो ३५ दिवस आधी दाखल करून जोडीदाराच्या फॉर्मशी त्याची अदलाबदल करायची असते, पण असे नियम उतावळ्यांसाठीच केलेले असावेत.

प्रत्येक बँक खात्याची मागील १२ महिन्यांची स्टेटमेंट मागितली जातात. ज्या महिन्यात धाकट्या भावाकडे मोठी रक्कम गेली, नेमका तोच महिना सापडत नसल्याचे कळवावे. मग समोरची बाजू प्रश्नावली पाठवील आणि त्या एका महिन्याविषयी बारकाईने विचारील. आपल्या आयुष्यात कोणी इतका रस घेतल्याला बरीच वर्षे झाली असतील, म्हणून रागावू नये. पेन्शनच्या रकान्यात ‘निवृत्तीला अवकाश आहे’ एवढे पुरे.

पुण्याच्या फ्लॅटचा विचार मात्र सविस्तर केला पाहिजे. फॉर्मला जगभरची मालमत्ता हवी असते, आणि कोथरूड जगात मोडते की जग कोथरूडच्या हद्दीबाहेर सुरू होते, यावर प्रामाणिक मतभेद संभवतात. फ्लॅट आईच्या नावावर असला तरी त्याचे हप्ते आपल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या बँक) खात्यातून जातात, हे इथल्या न्यायाधीशांना कळण्याचे काहीच कारण नाही. कळलेच तर पत्नीकडून कळेल, कारण वास्तुशांतीला पाटावर आपल्याशेजारी तीच बसली होती आणि फोटो तिच्याकडेच आहेत. ५०० पौंडांवरच्या वस्तू स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात, त्यांतून आपला गोफ ‘भावनिक मूल्याचा’ म्हणून वगळावा आणि तिच्या पाटल्या आजच्या सराफी भावाने मोजाव्यात.

कुणी गोहिल खटल्याची आठवण करून दिली, तर विचलित होऊ नये. पतीने मालमत्ता लपवली म्हणून २००४ सालची तडजोड २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, हे खरे. पण तो पती स्वतःच सॉलिसिटर होता, त्यामुळे ‘सॉलिसिटरविना’ या आपल्या तत्त्वाला त्या निकालाने बाध येत नाही.

अखेरीस, सर्व माहिती खरी व पूर्ण असल्याच्या निवेदनाखाली सही ठळक आणि सुवाच्य करावी, म्हणजे न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज करताना समोरच्या वकिलाला ती शोधत बसावे लागणार नाही; त्याचीही फी तासावरच असते.