पोरांसकट खेकड्यांना

आज्याच्या पिढीतली शिकार म्हणजे ठासणीची बंदूक, हाकारे आणि डुकराच्या वाट्यावरून वर्षभर पुरणारं भांडण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद पडलं आणि बरंच झालं. आता डुक्कर राहू दे, ससा मारला तरी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तेव्हा बेळगाव-खानापूरकडच्या बाप्यांची शिकारीची खाज भागवायला उरला तो खेकडा. अडचण एकच आहे. बंदूक होती तेव्हा पोरांना ‘घरी बसा’ असं दटावता यायचं. खेकडे धरायला जाताना मात्र पोरं येतातच. त्यातून स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘निघालायसाच तर ह्यांनाही न्या की ओ, घर जरा गप्प तरी होईल.’’ संपलं.

खेकडा पकडायला अक्कल लागते ती दोन आण्यांची. उरलेले चौदा आणे पोरं सांभाळायला खर्ची पडतात, आणि ते कोणी शिकवत नाही.

पहिला घोळ मुहूर्ताचा. उन्हाळाभर खोल बिळात दडून बसलेला खेकडा वर येतो तो पहिल्या दणक्या पावसाने, बिळात पाणी शिरल्यावर. म्हणजे रोहिणीचा शेवट नाहीतर मृगाची सुरुवात, ७-८ जूनच्या आसपास. नेमक्या त्याच सुमाराला कर्नाटकातल्या शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. सीमेपलीकडे चंदगडच्या मावसभावंडांची सुट्टी मात्र जूनच्या मध्यापर्यंत चालू. ती पाहुणी म्हणून आलेली असतात आणि त्यांना सकाळी उठायचं नसतं. खेकड्यांना कधी जायचं हे मग तीच ठरवतात. आपल्या घरच्या पोराला उद्या पहिल्या तासाला कन्नडचं शुद्धलेखन आहे ही गोष्ट बिळातल्या खेकड्याइतकीच खोल दडवली जाते. ती वर येते रात्री साडेअकराला.

संध्याकाळ निवडताना आभाळ बघायचं. पाऊस दुपारी पडून दिवेलागणीला ओसरलेला असावा. पाऊस चालू असताना गेलं तर पाण्यावर थेंबांची जाळी होते, तळ दिसत नाही आणि पोरांना रेनकोटच्या टोपीतून बापही दिसत नाही. अमावास्येच्या मागचेपुढचे दिवस चांगले. तेव्हा खेकडा भरलेला असतो आणि पौर्णिमेला पोकळ निघतो असं जुनी माणसं सांगतात. ते खरं असो नसो, अंधाऱ्या रात्री तो जास्त बिनधास्त फिरतो एवढं नक्की. साडेसातला निघायचं, नऊला परत फिरायचं. लहान पोराची हौस पाऊण तास टिकते, उरलेला पाऊण तास ते तुमच्या खांद्यावर असतं.

जागा म्हणजे ओढ्याचा उथळ काठ, भातखाचराचा बांध, नाहीतर पाटाची कड. खाचर दुसऱ्याचं असेल तर दिवसाउजेडीच विचारून ठेवावं. पेरलेल्या भातातून पोरं धावली की मालक खेकड्यांचा हिशोब धरत नाही. राखीव जंगलात आणि २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालेल्या भीमगडच्या हद्दीत तर पाऊलच टाकायचं नाही. तिथे फॉरेस्टवाल्यांना ‘पोरांना निसर्ग दाखवायला आणलंय’ सांगून भागत नाही, कारण निसर्ग डब्यात खुडखुडत असतो.

आता पायांची गोष्ट. हवाई चप्पल घालून कोणालाही नेऊ नये. येळ्ळूर-वडगावच्या काळ्या रानात चप्पल रुतली की पाय वर येतो, चप्पल राहते. ती काढायला पोर वाकतं, दुसरी रुतते, मग हात रुततो. खानापूरकडच्या तांबड्या मातीत रुतायला कमी होतं, पण घसरायला जास्त. गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट सगळ्यात बरे, कारण अंधारात सापाची भीती खरी असते. फक्त पोराच्या मापाचे हवेत. ‘पुढच्या वर्षीही येतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले गमबूट पाण्याने भरतात, आणि प्रत्येक पावलागणिक भच्चाक् असा आवाज करतात. शाळेचे बूट घालून निघालेला शूरवीर दारातच परत पाठवावा. आणि सगळी पोरं गमबूट, रेनकोट, टोपी, बटणं लावून सजली की पाच मिनिटं थांबावं. कोणाला तरी शू लागतेच. ती रानात लागण्यापेक्षा उंबऱ्यावर लागलेली परवडते.

बॅटरी डोकी मोजून घ्यावी. चार पोरांत दोन बॅटऱ्या नेल्या तर त्या रात्री खेकडे नाही, भांडणंच पकडावी लागतात. ज्याच्या हातात बॅटरी तो पाण्यावर सोडून सगळीकडे प्रकाश टाकतो: झाडावर, वटवाघळावर, स्वतःच्या जिभेवर, आणि हाक मारली की थेट बापाच्या डोळ्यांवर. अंधाराला सरावलेले डोळे असे एकदा दिपले की पुन्हा नीट दिसायला बराच वेळ जातो, आणि तेवढ्यात खेकडा बिळात. तेव्हा मोठ्या माणसाने आपली बॅटरी डोक्याला बांधावी आणि पोरांना एकच नियम सांगावा, की उजेड कमरेच्या खाली. मोबाइलची बॅटरी नकोच. ओल्या हातातून तो ओढ्यात पडला की त्या महिन्यात पगाराचा खेकडा होतो, म्हणजे तो आडवा चालत निघून जातो.

सगळे म्हणतात पोरांच्या कालव्याने खेकडे पळतात. माझं मत वेगळं आहे. खेकड्याला बोलण्यापेक्षा जमिनीचा हादरा चटकन कळतो. पोरांनी गप्पा मारल्या, पाढे म्हटले, तरी तो फारसा मनावर घेत नाही. पण बांधावरून एकाने उडी मारली की पाच-सहा हातांपर्यंतची बिळं भरून जातात. म्हणून ‘गप्प बसा’ असं सांगण्यात शक्ती घालवू नये, तसंही कोण ऐकतं? ‘उड्या मारू नका’ एवढंच सांगावं. तेही कोण ऐकत नाही, पण निदान योग्य गोष्ट ऐकली जात नाही याचं समाधान असतं.

पकडायची रीत अशी. उजेड पडला की खेकडा क्षणभर जागच्या जागी थबकतो, नांग्या वर करतो. त्याच्या तोंडासमोर जायचं नाही, मागून जायचं. दीड हाताची काठी पाठीवर आडवी टेकवून त्याला हलकेच दाबायचं. चिरडायचं नाही, फक्त रोखायचं. मग अंगठा आणि तर्जनी कवचाच्या मागच्या कडेला, शेवटच्या पायांच्या मागे, दोन्ही बाजूंनी लावून उचलायचं. तिथे त्याची नांगी सहसा पोचत नाही. हे सगळं तीन सेकंदांत व्हायला हवं. प्रत्यक्षात त्या तीन सेकंदांत एक पोर काठी मागतं, दुसरं ‘मला दिसेना’ म्हणून मध्ये डोकं घालतं, तिसरं डबा घेऊन उलट्या दिशेला गेलेलं असतं.

चावला तर काय, हे निघण्याआधीच घरी शिकवावं, कारण चावल्यावर कोणी शिकत नाही. हात झटकायचा नाही, खेकडा ओढायचा नाही. ओढलं की तो आणखी आवळतो, आणि फार झालं तर नांगी तुमच्या बोटाला ठेवून स्वतः निघून जातो. तुटलेली नांगी तरीही सोडत नाही. हात जमिनीला किंवा पाण्याला टेकवून ठेवला की सुटायची वाट दिसल्यावर तो आपणहून सोडतो. नाहीच सोडलं तर नांगीचं हलणारं बोट मोठ्याने मागे दाबून उघडायचं. जखम साबणाने धुवायची. हे सगळं तोंडपाठ असलेलं पोर चावल्याबरोबर हात झटकतं, आणि खेकडा धाकट्याच्या रेनकोटवर जाऊन पडतो. मग दोघंही रडतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

सहा वर्षांखालच्या मंडळींना खरं म्हणजे रात्री नेऊच नये. त्यांच्यासाठी दिवसाची शिकार आहे आणि ती फार मजेची आहे. हातभर काठी, तिला दीड-दोन हात सुतळी, टोकाला कोंबडीच्या कातडीचा तुकडा आणि तो बुडायला लहानसा खडा. बिळाच्या तोंडाशी किंवा दगडाच्या फटीत हे सोडायचं आणि थांबायचं. सुतळी हलली की खेकड्याने धरलं. आता सावकाश, अगदी सावकाश वर घ्यायचं. पाण्याबाहेर येताच तो आमिष सोडतो, म्हणून मोठ्याने खालून चाळण धरायची. बिघडतं ते दोन ठिकाणी. पोर दर अर्ध्या मिनिटाला ‘बघू या काय आलं’ म्हणून सुतळी वर काढतं, आणि ती चाळण पिठाची असते हे घरी गेल्यावर कळतं. आमिषाची कातडी मांजरापासून आणि धाकट्या बहिणीपासून दूर ठेवावी.

दोन गोष्टींत मात्र थट्टा नाही. एक, बिळात हात घालायचा नाही, पोराने नाही आणि त्याला दाखवायला म्हणून बापानेही नाही. खेकड्याच्या बिळात खेकडाच असतो असं नाही. पाणदिवड निघाली तर चावून, रडवून मोकळी होईल, तिला विष नाही. पण नाग किंवा मण्यार निघाला तर खेळ संपला. दोन, पोराच्या गुडघ्यावर पाणी असेल तिथे उतरायचं नाही, आणि ओढ्याकडे सारखं लक्ष ठेवायचं. आपल्या डोक्यावर चांदण्या असतात आणि वर जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरात पाऊस कोसळत असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, पाण्याचा आवाज बदलला, की हातातला खेकडा टाकून पोरं उचलायची. कडाडायला लागलं तर झाडाखाली थांबायचं नाही, सरळ घर गाठायचं. एका मोठ्यामागे दोनच पोरं, तीन म्हणजे जुगार.

पकडलेला प्रत्येक खेकडा उलटा करून बघायचा. पोटावरची झडप निमुळती असली की नर, रुंद गोल असली की मादी. पावसाच्या सुरुवातीला मादीच्या झडपेखाली अंडी किंवा मोहरीएवढी पिल्लं चिकटलेली असतात. गोड्या पाण्यातला हा खेकडा अंड्यातून थेट खेकडा होऊनच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाशीच राहतो. अशी मादी होती तिथेच सोडायची. हे काम पोरांकडे द्यावं, ती फार कडक न्यायाधीश असतात. इतकी, की थोड्या वेळाने सपाट पोटाचा नरसुद्धा ‘त्याला बाळ होणार आहे’ म्हणून सोडून दिला जातो.

डब्याविषयी. दहा लिटरची, गुळगुळीत भिंतीची, रंगाची रिकामी बादली धुऊन घ्यावी. पिशवी फाटते. आत पाणी भरायचं नाही. साचलेल्या पाण्यातली हवा संपली की खेकडे गुदमरून मरतात आणि मेलेला खेकडा टाकूनच द्यायचा असतो. ओलं गवत किंवा भिजवलेलं पोतं पुरे. आणि झाकण हवंच. मराठी खेकडे एकमेकांचे पाय ओढतात, झाकणाची गरज नाही, हा विनोद भाषणात ठीक आहे. प्रत्यक्षात ते कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि सगळ्यात वरचा आरामात बाहेर पडतो. तो स्कूटरवर, दोन पायांच्या मधल्या जागेत बाहेर पडला तर चालवणाऱ्याला त्याची भाषा लगेच कळते.

वाटेत भेटणारा शेतकरी हमखास कन्नडमध्ये विचारतो, ‘‘एडी सिक्कावेन?’’ म्हणजे खेकडे सापडले काय? मोठी माणसं अशा वेळी तोंड बारीक करून ‘इल्ल री’, नाही हो, म्हणतात, कारण सापडले म्हटलं की उद्या त्या जागेवर गर्दी. पण शाळेत जे कन्नड पोराच्या तोंडातून छडीनेही निघत नाही ते इथे ठणठणीत निघतं: ‘‘इप्पत्तु!’’ म्हणजे वीस. डब्यात असतात सहा.

घरी आल्यावर खरा पेच. परतीच्या वाटेवर पोरांनी खेकड्यांची नावं ठेवलेली असतात. नाव ठेवलेला खेकडा शिजवता येत नाही, हा अलिखित कायदा आहे. म्हणून ‘रात्री त्यांना झोपू दे’ म्हणून बादली मोरीत झाकून ठेवावी, पोरं शाळेत गेल्यावर साफ करावी. खेकडे आधी तासभर बर्फात गार करावेत, ते सुन्न पडतात. मग नांग्या वेगळ्या, कवच उघडून कल्ले काढून टाकायचे, बारीक पाय थोडं पाणी घालून पाट्यावर वाटायचे, फडक्यातून गाळून तो रस्सा करताना ओतायचा. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, ब्याडगी मिरची, दोन आमसुलं, आणि रस्सा चांगला खळखळून उकळायचा. गोड्या पाण्यातला खेकडा अर्धाकच्चा खाल्ला तर त्यातला कृमी फुफ्फुसात घर करू शकतो, म्हणून उकळीत कंजुषी नको. संध्याकाळी पोरं विचारतात, ‘‘आमचे खेकडे कुठं गेले?’’ आजी सांगते, ‘‘गेले त्यांच्या गावाला.’’ पोरं रस्सा-भात ओरपता ओरपता गावाचं नाव विचारतात.

राहिली ती मोठी नांगी. ती प्रत्येक पोराला शाळेत दाखवायला हवी असते. द्यायला हरकत नाही, पण आधी उकडून आतलं मांस काडीने पुरतं कोरून काढावं आणि नांगी दोन दिवस उन्हात वाळवावी. मृगात ऊन नसेल तर चुलीवरच्या फळीवर ठेवावी. तशीच ओली कंपासपेटीत गेली तर तिसऱ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी येते, आणि त्या पेटीतलं खोडरबरसुद्धा बदलावं लागतं.