पलीकडच्या टोकाला असलेला माणूस

दोन माणसांचे फोनवरचे बोलणे तिसऱ्याने त्यांच्या नकळत ऐकणे, हा ‘फोन टॅपिंग’चा सरळ अर्थ. हा विषय निघाला की ‘ज्याने काही केलेच नाही, त्याने कशाला घाबरायचे?’ असे कोणीतरी हमखास म्हणते. मला हा प्रश्न मनापासून खटकतो, कारण त्यात पलीकडच्या टोकाला असलेला माणूस धरलेलाच नसतो.

अमेरिकेत दारूबंदीच्या काळात रॉय ओल्मस्टेड या तस्कराची टोळी पकडण्यासाठी त्याच्या कार्यालयाच्या इमारतीच्या तळघरात आणि साथीदारांच्या घरांजवळच्या रस्त्यांवर टेलिफोनच्या तारांना बारीक तारा जोडल्या गेल्या. जवळजवळ पाच महिने सरकारी माणसे ऐकत आणि टिपून घेत राहिली. ती टिपणे टाइप केल्यावर ७७५ पाने भरली. घरात कोणी शिरलेच नाही, तेव्हा ही झडती नव्हे, असे १९२८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी मात्र विरोधी निकालपत्रात दाखवून दिले की, एकाची लाइन टॅप केली की तो ज्यांना फोन करील आणि जे त्याला करतील, त्या सगळ्यांचेच फोन टॅप होतात. माझ्या मते या विषयावर याहून नेमके कोणी बोललेले नाही. न्यायालयाने आपली भूमिका बदलली ती थेट १९६७ साली. तेव्हाच्या खटल्यात सार्वजनिक टेलिफोन बूथला बाहेरून ध्वनियंत्र लावले होते. बूथचे दार लावून घेणाऱ्याला आपले बोलणे खासगी राहील असे मानण्याचा हक्क आहे, हे अखेर मान्य झाले.

अपहरण झालेल्या मुलाचा ठावठिकाणा खंडणीच्या फोनवरून लागत असेल, तर तो फोन ऐकलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ऐकण्याची सोय एकदा यंत्रणेत बसवली की ती कोणाच्या हाती पडेल, याची खात्री देता येत नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ साली एका मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमधील अधिकृत टॅपिंगसाठीचीच प्रणाली अज्ञात लोकांनी गुपचूप वापरली आणि पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले.

अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात न्यायाधीशाचा आदेश लागतो, त्याची मुदत एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांची असते आणि तपासाशी संबंध नसलेले बोलणे शक्य तितके कमी ऐकावे, असे बंधन आहे. टॅपिंग संपल्यावर आदेशात नाव असलेल्याला कळवावे लागते. पलीकडून बोलणाऱ्यांना कळवायचे की नाही, हे मात्र न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेले आहे. ही मर्जी काढून टाकावी आणि ज्यांची ओळख पटली आहे, त्या प्रत्येकाला तपास संपताच ‘तुमचे बोलणे अमुक दिवशी ऐकले गेले’ असे लेखी कळवावे, एवढी माझी मागणी आहे.