पाव टक्क्यासाठी पगाराचं खातं हलवलं, त्याची गोष्ट

व्याज पाव टक्का कमी लागत असेल तर गृहकर्जासाठी पगाराचं खातं फारशा नाव नसलेल्या बँकेत न्यायला हरकत नाही, असं एका लेखात वाचलं आणि मुद्दा पटला. आम्ही तेच केलं. 40 लाख, 20 वर्षं, पावणेनऊऐवजी साडेआठ टक्के. हप्त्यात महिन्याला साधारण 635 रुपये वाचतात. मुदतभर धरले तर दीड लाख!

पण एचआरला मेल टाकला की झालं, असं नसतं हो. जुन्या खात्याला एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम), विम्याचा हप्ता, वीजबिल सगळं चिकटलेलं. नव्या खात्यातून पैसे आपोआप कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, मंजूर होईपर्यंत एक एसआयपी बाउन्स झाली, वर दंड. तिकडे पगार येणं थांबल्यावर जुनं खातं गुपचूप साधं बचत खातं झालं. मिनिमम बॅलन्सचे पैसे कापले गेले तेव्हा कळलं.

सासऱ्यांची भीती वेगळीच. त्यांना 2019 ची पीएमसी बँक आठवते, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला फक्त 1000 रुपये काढता येत होते. त्यांना म्हटलं, बाबा, इथे बँकेचेच पैसे आपल्याकडे आहेत! तरी खात्यात हप्ता आणि घरखर्चापुरतेच ठेवतो. ठेवींना विमा 5 लाखांपर्यंतच आहे.

आणि मंजुरीपत्र नीट वाचा. आमच्यात बारीक अक्षरात होतं: पगार या खात्यात येणं बंद झालं तर सवलत रद्द. बायकोचा पगार इथे येतो आणि ती नोकरी बदलतेय, तेव्हा सध्या तिच्या नव्या एचआरच्या मागे लागलोय.